चाकांवरचा फ्रिज

या जगात मला धक्का देऊ शकेल असा एकच माणूस उरला आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा याला प्रारब्धच म्हणायचं. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी उभी हयात काढली. तिथे मंत्री बदललेले पाहिले, खाती बदललेली पाहिली, खिडकीतून आलेल्या माकडाने फाइल पळवलेली पाहिली आणि ती फाइल नंतर मंजूर होऊन आलेलीही पाहिली. माझ्या चेहऱ्यावरची रेषा कधी हलली नाही. पण गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत समोरच्याच टॉवरमध्ये राहणाऱ्या या थोरल्या साडूंनी मला असे काही हादरे दिले आहेत की त्यांच्या दाराची बेल वाजवण्याआधी मी अजूनही क्षणभर भिंतीला हात टेकून उभा राहतो. साडू हे नातंही मोठं अवघड. भांडावं तर बायका रागावतात आणि गळ्यात गळे घालावेत तर त्याच बायकांना संशय येतो. आम्ही दोघांनी मधला मार्ग काढला. ते बोलतात आणि मी आ वासून ऐकतो. मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला साडूभाऊ.

मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दादा तपासणी विभागात होते. समोरून भाग येत राहायचे, त्यातला केसाएवढा फरक असलेला उचलायचा, बाजूच्या लाल पेटीत टाकायचा आणि 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी तो हात काही थांबला नाही. आमच्याकडे जेवायला आले की पोळी उजेडाकडे धरून जाडी बघतात. माझ्या मुलीला सांगून आलेलं एक स्थळ त्यांनी आमच्या दारातच, मुलगा अजून बूट काढत असताना, रिजेक्ट केलं. कारण काय, तर त्याने नाडी न सोडता दुसऱ्या पायाने टाच दाबून बूट काढला. "जो स्वतःच्या बुटाशी असा वागतो, तो स्कूटरशी कसा वागेल?" असं ते मला स्वयंपाकघरात बोलावून, पण बाहेर स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मी सरबताचा ट्रे तसाच ओट्यावर परत ठेवला. मुलीला मात्र तो मुलगा आधीपासूनच नको होता, त्यामुळे ती त्या दिवसापासून काकांना देव मानते.

त्यांची दुसरी सवय मेनची. घराबाहेर पाऊल टाकायचं तर मेन स्विच बंद करूनच टाकायचं, मग ते महिनाभरासाठी असो नाहीतर खाली कोथिंबीर आणायला असो. दाराशेजारच्या डब्यावर हात, खटका खाली, मग कुलूप. हे सगळं ते बोलता बोलता करतात, त्यांना कळतही नाही. घरातल्या फ्रिजची लाइन त्यांनी मुद्दाम वेगळी ओढून घेतली आहे, म्हणून त्यांचं चालतं. आमच्या फ्रिजची लाइन वेगळी नाही. एकदा आम्ही आठवडाभर बाहेरगावी गेलो आणि झाडांना पाणी घालायला किल्ली त्यांच्याकडे ठेवली. त्यांनी झाडांना पाणी घातलं आणि सवयीने मेन बंद करून, दोनदा कुलूप ओढून पाहून ते निघून गेले. परत आल्यावर आमच्या बायकोने फ्रिजचं दार उघडलं आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून सोसायटीचा गार्ड शिट्टी वाजवत वर आला. दादाही आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि शांतपणे म्हणाले, "रिजेक्ट."

आता हे वाचून तुम्हाला वाटेल की या गृहस्थांना फक्त चुका काढता येतात. तर त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट अशी आहे जी त्यांनी कधी रिजेक्ट केली नाही, ती म्हणजे आमच्या ताई. ताई ही माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि ते थंड ठेवावं लागतं. काही वर्षांपूर्वी दोघं उन्हाळ्यात रेल्वेने अंबाजोगाईला, ताईंच्या माहेरी निघाले होते. वाटेत गाडी तासन् तास अडकून पडली, थर्मासातला बर्फ वितळला, औषध उकडलं, आणि ताईंना एका मधल्याच स्टेशनवर स्ट्रेचरवरून उतरवावं लागलं. त्यातून त्या बऱ्या झाल्या, पण घरी आल्यावर म्हणाल्या, "बस झालं. आता मी कुठे येणार नाही." विमानाचा प्रश्नच नव्हता, कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ते बंद केलेलं. तेव्हापासून ताईंनी गुरुग्रामबाहेर जाणंच सोडलं. पूर्वी दर भाऊबीजेला त्यांचा थोरला भाऊ बापू दिल्लीला यायचा. मग त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचंही येणं थांबलं. मग काही वर्षं भाऊबीजेला ताई पाट मांडत, भोवती रांगोळी काढत, पाटावर लोड ठेवून त्याला मोबाइल टेकवत आणि त्या मोबाइलला ओवाळत. पलीकडे अंबाजोगाईला बापू डोळे मिटून बसलेला असायचा. एकदा कुंकू लावताना ताईंचं बोट चुकून लाल बटणावर पडलं आणि फोन कट झाला. त्यावर सगळे हसले. दादा हसले नाहीत.

या गोष्टीतला पहिला धक्का मला बसला तो दादा निवृत्त झाले त्या वर्षी. सकाळी खिडकीतून पाहतो तर त्यांच्या टॉवरखाली एक पांढरी मिनीबस उभी. कारखान्याची बस. जिच्यात बसून ते रोज पहाटे मानेसरला जात, तीच. कंपनी काही गाड्या काढून टाकत होती, त्यातली ही दादांनी उचलली. फार जुनी नव्हती, नाहीतर दिल्लीत तिला धावूच दिलं नसतं. मी चपला उलट्यासुलट्या घालून खाली धावलो. दादा तिसऱ्या रांगेतल्या खिडकीच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागी बसले होते.

"दादा, हे काय?"

"घर," ते म्हणाले. "हिला घर करायचं. मागे पलंग, इथे ओटा, तिथे संडास. तुमच्या ताईला अंबाजोगाईला न्यायचंय, साडूभाऊ. घराबाहेर पडायची नाही म्हणते ना, तर घरासकटच न्यायची. ही एक सीट तेवढी ठेवणार आहे, माझी सवयीची."

मी वर पाहिलं. बाल्कनीत ताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे सहाव्या मजल्यावरचं मला दिसलं नाही.

पलंग झाला, ओटा झाला, आरटीओच्या फेऱ्या झाल्या. पण हे सगळं दादांच्या दृष्टीने किरकोळ होतं. ज्या वस्तूभोवती बाकीची बस बांधायची होती, ती वस्तू फ्रिज. फ्रिज चुकता कामा नये. आणि दादा ज्या वेळी 'चुकता कामा नये' म्हणतात, त्या वेळी जवळच्या माणसांनी लांब जावं. मी गेलो नाही, ही माझी चूक. गुरुग्राममधलं विजेच्या वस्तूंचं असं एकही मोठं दुकान नाही जिथे मी त्यांच्यासोबत मान खाली घालून उभा राहिलेलो नाही. ते आत शिरले की आधी प्रत्येक फ्रिजला कान लावत. डॉक्टर रोग्याची छाती तपासतो तसे. मग खिशातून थर्मामीटर काढून आत ठेवत आणि समोर स्टूल ओढून बसून राहत. सेल्समन यायचा, हात चोळत म्हणायचा, "सर, फ्रॉस्ट फ्री चाहिए या डायरेक्ट कूल?" दादा त्याच्याकडे न बघता विचारायचे, "स्पीड ब्रेकर पे चलेगा?" एका मुलाने मोठ्या धीराने सांगितलं, "सर, यह चलता नहीं, खड़ा रहता है." दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चलो साडूभाऊ. यांना विषयच माहीत नाही."

शेवटी पहिला प्रयोग घरातल्याच जुन्या फ्रिजवर झाला. तो बसमध्ये आडव्या पट्ट्यांनी बांधला, खाली घरगुती इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी. उद्घाटनाला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि आम्हा सर्वांना घेऊन बस सोसायटीला फेरी मारायला निघाली. ताई मात्र खालीच थांबल्या. "आधी तुमचं श्रीखंड जाऊन येऊ दे, मग मी," असं म्हणाल्या. क्लब हाउससमोरच्या स्पीड ब्रेकरवर फ्रिजचं दार उघडलं आणि आतलं श्रीखंड सरळ माझ्या मांडीवर आलं. मी पांढरा लेंगा घातला होता म्हणून बरं. त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बॅटरी पार बसली. दादांनी हिशेब मांडला की हा फ्रिज चालवायचा तर मागे बॅटऱ्यांचा एक वेगळा ट्रक न्यावा लागेल. फ्रिज रिजेक्ट झाला.

दुसरा फ्रिज आला तेव्हा माझी दातखीळ बसायची वेळ आली. हा गॅसवर चालायचा. म्हणजे खाली स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत पेटवायची आणि वर बर्फ धरायचा. कुणीतरी परदेशातून आणलेल्या एका मोडक्या कॅरव्हॅनमधून तो निघाला होता आणि दादांनी तो मायापुरीच्या भंगार बाजारात शोधून काढला होता. "आग लावून गार करायचं?" मी विचारलं. "बिल्कुल," दादा म्हणाले. त्यांनी मला त्यामागचं शास्त्र समजावून सांगितलं आणि मी सरकारी सवयीप्रमाणे मान हलवली. अडचण एवढीच होती की हा फ्रिज अगदी सपाट उभा असेल तरच गार व्हायचा. जरा कलला की रुसायचा. त्यामुळे दादांच्या खिशात गवंड्यांकडे असते ती पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल बाटली आली. पुढचे कित्येक महिने त्यांनी दिल्ली आणि आसपासचा प्रदेश त्या बाटलीतून पाहिला. आमच्या घरी आले की आधी ती जमिनीवर ठेवत. "साडूभाऊ, तुमचं घर संडासाच्या दिशेने कललंय," हे त्यांनी माझ्या साहेबांसमोर सांगितलं. महाराष्ट्र मंडळात गणपतीची प्रतिष्ठापना थांबवून त्यांनी चौरंगाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. गुरुजी मंत्र विसरले. कुठे लग्नाला गेलो की हे मांडवाऐवजी पार्किंगची जमीन पाहत आणि 'इथे चालेल' किंवा 'इथे औषध खराब होईल' असा शेरा मारत. एवढं करून जून आला, पारा वर चढला आणि गॅसच्या फ्रिजने हात टेकले. बाहेर भट्टी असताना आपणही आत भट्टी लावून बसण्यात त्याला अर्थ वाटेना. तोही रिजेक्ट.

तिसरा फ्रिज म्हणजे पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा, थेट बॅटरीवर चालणारा. "थंडी जड असते," दादा सांगू लागले. "दार समोरून उघडलं की ती पायावर सांडते. वरून उघडलं की आतच बसून राहते." हे त्यांनी इतक्या ठिकाणी सांगितलं की माझी बायको आता आमच्या फ्रिजचं दार उघडताना पाय मागे घेते. बॅटरी नवी लिथियमची आली. तिला वीज तीन वाटांनी: बस धावत असेल तर इंजिनाकडून, उभी असेल तर टपावरच्या सोलर पॅनेलकडून आणि घरी असेल तर सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाली सोडलेल्या काळ्या वायरीकडून. त्या वायरीवरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रणकंदन झालं. आरडब्ल्यूएचे, म्हणजे रहिवासी संघाचे, अध्यक्ष स्वतः येऊन म्हणाले, "भाई साहब, यह क्या लटका रखा है?" दादा म्हणाले, "मेरी बीवी की दवाई है." अध्यक्षांनी वायर एकदा वरपर्यंत पाहिली आणि ते निघून गेले. वायर राहिली. राहता राहिला सोलरचा घोळ. बस सावलीत ठेवावी तर वीज बनत नाही, उन्हात ठेवावी तर आत भट्टी होऊन फ्रिजला दुप्पट वीज लागते. म्हणून दादा रोज सकाळी बस कडुनिंबाखालून उन्हात काढत, दुपारी परत कडुनिंबाखाली नेत. नवं जन्मलेलं बाळ कोवळ्या उन्हात धरतात, तसं त्यांचं चाले.

आतून बस मात्र देखणी झाली होती. ताईंनी फ्रिजवर घालायला क्रोशाचं झाकण विणलं होतं. दारापाशी मेनचा खटका होता, आणि तो दादांनी घरातल्या मेनच्या अगदी त्याच उंचीवर बसवून घेतला होता. "हाताला सवय आहे ना, शोधावं लागू नये," ते कौतुकाने सांगत. "गाडीत काही जळायला लागलं तर एका फटक्यात सगळं बंद झालं पाहिजे. सगळं. यात वेगळ्या लाइनीबिइनी नाहीत." मी वाहवा म्हणालो. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं, पण डोकं हे नेमकं अशाच वेळी सुटीवर असतं.

ताईंनी अट घातली होती. आधी जवळपास कुठेतरी एक दिवस जाऊन येऊ. औषध नीट राहिलं तर दिवाळीला अंबाजोगाई. नाही राहिलं तर बस विकायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. दादांनी अट मान्य केली, जूनमधला भर उकाड्याचा दिवस निवडला, कारण परीक्षा घ्यायची तर कडक घ्यावी हे त्यांचं तत्त्व, आणि ठिकाण निवडलं पानिपत.

"पानिपत?" मी ओरडलो. "दादा, मराठी माणूस चाचणीला पानिपतला जातो का? आग्रा आहे, मथुरा आहे..."

"रस्ता चांगला आहे," ते म्हणाले.

निघालो. पुढे दादा आणि मी, मागे दोघी बहिणी. फ्रिजमध्ये ताईंचं औषध, पाण्याच्या दोन बाटल्या, ताकाचा तांब्या आणि दादांचं थर्मामीटर. दिल्ली पार करेपर्यंत दर सिग्नलला मागे विचारणा, "किती?" आणि ताईंचं उत्तर, "चार अंश." सोनिपत गेलं, "चार." समालखा गेलं, "चार." इतक्यांदा चार ऐकल्यावर दादा गुणगुणायला लागले. त्यांना गाताना मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. स्टिअरिंगला घट्ट धरून मी तो धक्का सोसला असता, पण स्टिअरिंग त्यांच्याच हातात होतं.

काला आंबला, लढाईच्या स्मारकापाशी, बस उन्हात लावली, सोलरला ऊन मिळावं म्हणून. उतरलो. स्मारकासमोर सगळ्यांनीच हात जोडले. मराठी माणूस तिथे हात जोडतोच. दादांनी मग आम्हाला लढाई समजावून दिली. "शौर्यात आपण कमी नव्हतो. रसद तुटली, साडूभाऊ! अन्नाची वाट तोडली त्यांनी. लढाई तलवारीवर नसते, पुरवठ्यावर असते. पुरवठा तुटला की पानिपत." शेजारी लातूरकडची पाचसहा मुलं उभी होती, दिल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. त्यांनी हे भाषण मोबाइलवर घेतलं. तिथून, बस उन्हातून हलवायला नको म्हणून रिक्षाने शहरात जाऊन, आम्ही म्युझियम पाहिलं, ढाब्यावर जेवलो, आणि मग दोघी बहिणी चादरींच्या बाजारात शिरल्या. पानिपतच्या चादरींच्या बाजारात शिरलेल्या दोन मराठी बहिणी बाहेर केव्हा येतात हे कुणी सांगू शकत नाही. दादा आनंदात होते, एका दुलईची शिवण तपासत होते. परत बसपाशी आलो तेव्हा उन्हं उतरली होती.

दादांनी दार उघडलं, आतली गरम हवा तोंडावर आली आणि त्यांचा हात सवयीने दाराशेजारी मेनकडे गेला. चालू करायला. हात तिथेच थांबला. खटका खाली होता. सकाळी उतरताना, भाषणाची जुळवाजुळव करता करता, त्यांनी मेन बंद केलं होतं.

मी मंत्रालयात बेशुद्ध पडलेली माणसं पाहिली आहेत, पण उभ्या उभ्या विझलेला माणूस तोवर पाहिला नव्हता. त्यांनी क्रोशाचं झाकण काढलं, पेटी उघडली. थर्मामीटर पस्तिशीच्या वर. ताकाचा तांब्या हाताला कोमट लागत होता. दादा फ्रिजशेजारी आपल्या त्या तिसऱ्या रांगेतल्या सीटवर बसले, औषधाची कुपी तळहातावर धरली आणि इतक्या हळू म्हणाले की मला वाकावं लागलं, "रिजेक्ट. मीच."

मला खरोखर भीती वाटली. ताईंची अट मला माहीत होती, आणि अटीपेक्षा जास्त, संध्याकाळचं इंजेक्शन माहीत होतं. पण ताईंनी पर्स उचलली. "चला हो जरा माझ्याबरोबर," त्या मला म्हणाल्या, आणि बहिणीला म्हणाल्या, "तू यांच्याजवळ बस. यांना ते ताक पिऊ देऊ नकोस."

जवळच्या वस्तीत, कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. मागे काचेच्या दाराचा उंच फ्रिज, आत रांगेने पेट्या. ताईंनी मोबाइलमधली डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली आणि हिंदीत सांगितलं, "भैया, यह वाला. और थोड़ी बर्फ मिलेगी?" त्या भल्या माणसाने औषध काढलं, पिशवीत बर्फाची दोन पाकिटं टाकली. चहा मागवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मी त्या काचेच्या दाराकडे पाहत राहिलो. दोन वर्षं! तीन फ्रिज, सहा मजल्यांची वायर, माझा लेंगा, गणपतीचा चौरंग! काखेत कळसा म्हणतात तो असा.

"ताई," मी म्हणालो, "हे तर... कुठेही मिळतं."

"मिळतंच की. गावोगावी मिळतं. मला काय माहीत नव्हतं?"

"मग इतकी वर्षं तुम्ही घराबाहेर का..."

ताईंनी पिशवीचं तोंड गुंडाळलं. "त्या स्टेशनवर मी स्ट्रेचरवर होते. मला काही त्रास होत नव्हता हो, ग्लानीच होती. पण यांचा चेहरा दिसत होता. कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या यांनी. त्या दिवशी माझ्या उशाशी बसून हातातला थर्मास उघडत होते, बंद करत होते, उघडत होते. तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. मी घरात बसले की हे निश्चिंत असतात. म्हणून बसले."

"आणि बापू? भाऊबीज?"

"ते वाईट वाटायचंच," त्या म्हणाल्या, आणि डोळे न लपवता पुसले. "मग यांनी बस आणली. म्हटलं, रमलेत तर रमू देत. भावोजी, हे यांना सांगायचं नाही. मी येणार ते फ्रिजच्या भरवशावर, असंच राहू द्या."

मी शब्द दिला. तो मोडून आज हे लिहितो आहे, कारण दादा मशिनांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका सोडून दुसरं काही वाचत नाहीत.

परत आलो तर दादा तसेच बसलेले. मान वर न करता म्हणाले, "विकून टाकतो. अट म्हणजे अट." ताईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी मेनचा खटका वर केला. नवं औषध बर्फाच्या पाकिटांत गुंडाळून पेटीत ठेवलं, झाकण लावलं, त्यावर क्रोशाचं झाकण नीट ओढलं आणि पुढे येऊन माझ्या जागेवर, ड्रायव्हरशेजारी बसल्या.

"चला, उठा आता. उन्हं उतरलीत, सोलरचा उपयोग नाही. पण गाडी धावली की इंजिनावर बॅटरी भरते, आणि दिल्ली येईपर्यंत फ्रिज चारवर यायला हवा. वरून उघडतोय, तेव्हा थंडी सांडायची नाही."

दादांनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा तोंड त्यांचं उघडं आणि बंद माझं, असा योग आला. "तुला हे सगळं कसं माहीत?"

"दोन वर्षं जेवताना दुसरं काय ऐकतेय मी?" ताई म्हणाल्या. "आणि अट मी घातली होती, तेव्हा ती मीच रिजेक्ट करते. चलो."

दिल्लीच्या वेशीवरच्या कुंडली गावाच्या आसपास ताईंनी मागे वळून माझ्या बायकोला विचारलं, "किती?" ती म्हणाली, "सहा." दादा गायले नाहीत, पण त्यांनी नाक ओढलं. सर्दी झाली म्हणाले. जूनमध्ये.

दिवाळीआधी बस निघाली. निघताना दादांनी मला दारापाशी बोलावून मेन दाखवला. ताईंनी त्या खटक्यावर क्रोशाची छोटीशी टोपी विणून घातली होती, लहान बाळाच्या टोपऱ्यासारखी, नाडीने बांधलेली. खाली ओढायचं तर आधी नाडी सोडावी लागेल. रोज सकाळी मला मोबाइलवर थर्मामीटरचा फोटो यायचा. खाली एक अक्षर नाही. कधी चार, कधी पाच. माझा चहा त्याच्यासाठी खोळंबायला लागला, आणि हे बायकोने माझ्या लक्षात आणून दिलं.

भाऊबीजेला आमच्या घरी पाट मांडला होता. यंदा आमचं जाणं झालं नाही, म्हणून मोबाइलला ओवाळायची पाळी माझ्या बायकोवर आली. पडद्यावर अंबाजोगाईचं घर, पाटावर बापू काठी मांडीवर घेऊन बसलेला, आणि समोर ताई, हातात खरं निरांजन. ताईंचा हात त्याच्या कपाळाला लागला तेव्हा बापूने डोळे मिटले नाहीत. तो आ करून बहिणीकडे बघत राहिला, आणि मग लहान पोरासारखा रडायला लागला. इकडे माझी बायको ओवाळायचं विसरून मोबाइलकडे बघत होती. आणि ताईंच्या मागे, दारात, नवा झब्बा घालून दादा उभे होते.

मला धक्काच बसला. "दादा! तुम्ही घरात? फ्रिजजवळ कोण आहे?"

"कुणी नाही," दादा म्हणाले.

"म्हणजे मेन..."

"चालू ठेवून आलोय," ते म्हणाले. आणि मग आजवर कधी न काढलेल्या नरम आवाजात, "असू दे चालू."

त्याला आता बरेच आठवडे झाले. अंबाजोगाईहून ते पुढे निघाले, कुठे ते सांगत नाहीत, फक्त आकडा पाठवतात. समोरच्या टॉवरची सहाव्या मजल्यावरची बाल्कनी बंद आहे. तिथून ती काळी वायर खाली लटकलेली आहे, धुरकं दाट असलं की अर्धीच दिसते. खाली कडुनिंबाजवळ बसची जागा रिकामी. गार्ड मला दोनदा विचारून गेला, "साहब लोग कब आएंगे?" मी त्याला सांगितलं, पता नहीं भाई. संध्याकाळी मी त्या बाजूने एक चक्कर मारतो, कुणाच्या गाडीने ती जागा घेतली नाही ना ते पाहायला. आता मला धक्का देणारं इथे कुणी नाही, घर कललंय म्हणणारं कुणी नाही, पोळी उजेडाकडे धरणारं कुणी नाही. सगळं कसं शांत आहे. आणि या शांततेत मला मुळीच करमत नाही, हा दादांनी जाता जाता दिलेला शेवटचा धक्का.